पन्नास प्रश्न आणि आपण इंजिनिअर

'इंजिनिअर म्हणजे थोडे ऑटिस्टिकच असतात' हे वाक्य तुम्ही कॅन्टीनमध्ये नाहीतर सबमिशनच्या रांगेत कधी ना कधी ऐकलं असेलच. एखादा मान खाली घालून ब्रेडबोर्डवर सर्किट जोडत बसला आणि दोन हाका मारूनही ओ देईना, की कोणीतरी हे म्हणतंच. पण मानसशास्त्रात हा नुसता विनोद नाही. ज्यांना ऑटिझमचं निदान झालेलं नाही, पण ज्यांच्या स्वभावात त्या लक्षणांची छटा आहे, अशी माणसं मुद्दाम निवडून त्यांच्यावर प्रयोग केले जातात. आणि अशी माणसं शोधायला संशोधक कुठे जातात, तर बऱ्याचदा कॉलेजात.

हे मला कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. डिझर्टेशनसाठी तिला आमच्या वर्गातली मुलंमुली हवी होती. 'काही नाही गं, फक्त एक फॉर्म भरायचाय, मग ज्यांचा स्कोअर जास्त त्यांना एक छोटा टास्क द्यायचाय,' असं ती अगदी सहज म्हणाली. आता सेकंड इयरला स्टॅटिस्टिक्स शिकल्यावर 'ज्यांचा स्कोअर जास्त' हे ऐकून गप्प कसं बसणार? जास्त म्हणजे किती? कोणापेक्षा? तिथून आमचा वाद सुरू झाला, आणि त्या वादातून हा लेख. (मी कॉन्व्हेंटवाली आहे, तेव्हा मराठी सांभाळून घ्या. शुद्धलेखन आईने तपासलं आहे.)

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही, कारण त्यातून हे मूल स्वतःतच रमलेलं आहे, त्याला बाकी कोणाचं काही पडलेलं नाही, असा अर्थ निघतो. म्हणून मी ऑटिझमच लिहिणार आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन केलं तेव्हापासून पुढे बराच काळ ऑटिझम 'आहे' किंवा 'नाही' असाच मानला जायचा, म्हणजे आपल्या भाषेत झिरो किंवा वन. ही कल्पना पहिल्यांदा ढिली झाली ती जुळ्यांमुळे. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतल्या निदान एकाला तरी ऑटिझम होता. ११ जोड्या एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या होत्या, त्यातल्या ४ जोड्यांमध्ये दोघांनाही ऑटिझम निघाला. उरलेल्या १० जोड्या वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या, त्यांच्यात असं एकदाही झालं नाही. यावरून आनुवंशिकता दिसली हे तर झालंच. पण खरी गंमत पुढे आहे. ज्या एकसारख्या जुळ्यांपैकी एकालाच ऑटिझम होता, त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुसऱ्या भावंडाला निदानाइतकं नसलं तरी भाषेत किंवा विचारप्रक्रियेत काहीतरी वेगळं होतं. म्हणजे निदानाच्या उंबरठ्याखालीही काहीतरी आहे. आजकाल या उंबरठ्याखालच्या माणसांना 'सबक्लिनिकल' म्हणतात.

आता उंबरठ्याखालचं मोजायचं कसं? त्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पट्टी म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट, थोडक्यात एक्यू. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पन्नास विधानं, पाच विभाग, प्रत्येकी दहा: लोकांमध्ये मिसळणं, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे नेणं, बारकावे टिपणं, संवाद आणि कल्पनाशक्ती. प्रत्येक विधानाला 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे चार पर्याय असतात. पण गुण देताना 'पूर्ण सहमत' आणि 'थोडंसं सहमत' या दोघांनाही एकच गुण! एक्सटीसीवाल्यांच्या लक्षात आलंच असेल, हे चक्क क्वांटायझेशन आहे. चार लेव्हलचा सिग्नल एका बिटात कोंबलेला. म्हणूनच काही संशोधक मूळ पद्धत सोडून १ ते ४ असे गुण देतात. दोन पेपर शेजारी ठेवताना हे आधी बघावं लागतं, नाहीतर एकाचा एक्यू २० आणि दुसऱ्याचा ११० बघून डोकं गरगरतं.

त्या पहिल्या पेपरमध्ये निदान झालेले ५८ प्रौढ होते, त्यांची सरासरी ३५.८ आली. सर्वसाधारण लोकांतून घेतलेल्या १७४ जणांची सरासरी १६.४ होती. ३२ किंवा त्याहून जास्त गुण निदान झालेल्यांपैकी ८० टक्के जणांना मिळाले, आणि बाकीच्यांपैकी फक्त २ टक्क्यांना. केवढा मोठा फरक! माझी बहीण म्हणाली, 'बघ, ३२ ला रेघ मारली की काम झालं.'

इथे मी वहीत एक हिशोब मांडला. तुम्हीही मांडून बघा. समजा शंभरात एकाला ऑटिझम आहे. हजार लोक घेतले तर १० जण ऑटिस्टिक. त्यांचे ८० टक्के म्हणजे ८ जण ३२ च्या वर. उरलेले ९९०, त्यांचे २ टक्के म्हणजे साधारण २० जण ३२ च्या वर. रेघेच्या वर एकूण २८, आणि त्यातले २० जण ऑटिस्टिक नाहीतच! तेव्हा फॉर्म भरून कोणाला ३५ आले म्हणून त्याला ऑटिझम आहे असं म्हणता येत नाही. हा एम-फोरमधला साधा बेज थिअरम आहे, पण कोणाच्या तरी अंगावर पडेपर्यंत तो साधाच वाटतो. निदान करायचं तर डॉक्टर माणसाशी बोलतात, लहानपणापासूनची माहिती घेतात, वागणं प्रत्यक्ष पाहतात. आपल्याकडे त्यासाठी वेगळी पट्टीही आहे, इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. पूर्वी सिकंदराबादची एनआयएमएच म्हणून ओळखली जाणारी संस्था, आता तिचं नाव एनआयईपीआयडी आहे, तिच्याकडून ती २००९ च्या सुमारास आली. खारघरला याच संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. त्या पट्टीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली ऑटिझम नाही असं धरतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती वापरली जाते. धडधाकट विद्यार्थ्यांमधली छटा मोजायला ती नाही, आणि उलट एक्यू प्रमाणपत्रासाठी नाही. मीटरपट्टीने ताप मोजायचा नसतो.

आता आपल्याकडे वळू. त्याच २००१ च्या पेपरमध्ये केंब्रिजचे ८४० विद्यार्थी होते. विज्ञान आणि गणितवाल्यांचे गुण कला शाखेच्या मुलांपेक्षा जास्त आले. ब्रिटनच्या गणित ऑलिंपियाडचे १६ विजेते तर आणखी वर. त्याआधी १९९७ मध्ये याच गटाने सांगितलं होतं की, ऑटिस्टिक मुलांच्या वडिलांमध्ये इंजिनिअर १२.५ टक्के आहेत, इतर मुलांच्या वडिलांमध्ये ५ टक्के. पुढच्याच वर्षी जॅरोल्ड आणि राउथ यांनी दाखवून दिलं की, असं बघितलं तर अकाउंटन्सी आणि विज्ञानातले व्यवसायही वर येतात, नुसते इंजिनिअर नाहीत. हॉलंडमध्ये आयंडहोवन हे फिलिप्सचं शहर, सगळीकडे टेक्नॉलॉजीच्या नोकऱ्या. तिथल्या शाळांमध्ये ऑटिझमचं निदान झालेली मुलं दर दहा हजारांत २२९ निघाली, हार्लेममध्ये ८४ आणि उट्रेख्टमध्ये ५७. हा अभ्यास २०१२ चा. ऐकायला भारी वाटतं. पण हे आकडे शाळांनी कळवलेले होते, आणि जिथे पालक आणि शिक्षक जास्त जागरूक तिथे निदानंही जास्त होतात, हेही धरायला हवं.

तेव्हा बहिणीचं इंजिनिअरिंग कॉलेजला येणं अगदीच चुकीचं नव्हतं. जिथे मासळी जास्त तिथे जाळं टाकणार, आमच्या करंजाच्या कोळ्यालाही ते कळतं. पण जाळ्यात येतं कोण? नोटीस लावली, 'अभ्यासात सहभागी व्हा', की येणार ते कॉलेज फेस्टच्या कमिटीतले, सगळ्यांशी बोलणारे. ज्याला अनोळखी मुलीसमोर बसून टास्क करणं म्हणजे संकट वाटतं, तो ती नोटीस वाचून लॅबकडे वळेल. म्हणजे जो हवा तोच येत नाही. नेटवर उघडा फॉर्म टाकला तर बरोबर उलटं होतं, ज्यांना आपल्याबद्दल आधीच शंका आहे ते उत्साहाने भरतात. याचा पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही चॅनलच्या वेबसाइटवरून एक्यू भरलेल्या साडेचार लाख लोकांची सरासरी जवळपास २० आली. आणि एरवी वेगवेगळ्या अभ्यासांतल्या सुमारे ६,९०० लोकांची एकत्र काढलेली सरासरी १७ च्या आसपास. दोन्ही पेपर २०१५ चे. साडेचार लाख हा आकडा बघून छाती दडपते, पण नमुना मोठा असला म्हणून तो सरळ होत नाही.

यावर त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे अख्खा वर्ग घ्यायचा. लेक्चरच्या शेवटी सगळ्यांना फॉर्म, आणि ज्याला नको त्याने कोरा परत करायचा. त्यात कागदावर ठळक अक्षरात 'ऑटिझम' लिहायचं नाही, नाहीतर लोक प्रश्न वाचून नव्हे तर शीर्षक वाचून उत्तरं देतात.

फॉर्म जमले. पुढे काय? सोपी पद्धत म्हणजे मधोमध कापायचं, वरचा अर्धा 'हाय', खालचा अर्धा 'लो'. जुने पेपर उघडले की हे सारखं भेटतं. याच्याइतकी वाया घालवणारी पद्धत नाही. १७ वाला लो आणि १८ वाला हाय, आणि १८ वाला आणि ३८ वाला मात्र एकाच पोत्यात! गणिताने बघितलं तर नॉर्मल डिस्ट्रिब्युशन मधोमध कापल्यावर सहसंबंध सुमारे ०.८ पट होतो, त्याचा वर्ग ०.६४. म्हणजे शंभर माणसं गोळा करायची आणि चौसष्टांइतकाच उपयोग करून घ्यायचा. आधी चार पर्यायांचे दोन केले, आता पन्नास गुणांचे दोन केले. क्वांटायझेशनवर क्वांटायझेशन.

दुसरी पद्धत दोन टोकं घेण्याची. खूप जणांचे फॉर्म भरून घ्यायचे आणि सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे तेवढेच टास्कला बोलवायचे. प्रयोग महाग असेल, एकेका माणसाला मेंदूच्या स्कॅनला पाठवायचं असेल, तर हे समजू शकतं. पण मधली माणसं वगळल्यामुळे फरक असतो त्यापेक्षा मोठा दिसतो, आणि मधे सरळ रेषा आहे की वळण हे कधीच कळत नाही. शिवाय रिग्रेशन टू द मीन. युनिट टेस्टमध्ये वर्गात पहिले आलेले पाच जण फायनलला सहसा थोडे खाली येतात, कारण पहिल्या वेळी हुशारीबरोबर थोडं नशीबही होतं. एक्यूचंही तेच. मूळ पेपरमध्ये काही विद्यार्थ्यांकडून दोन आठवड्यांनी तो पुन्हा भरून घेतला तेव्हा सहसंबंध ०.७ आला. वर्गाची सरासरी १७ धरली आणि एखाद्याला ३५ मिळाले, तर पुन्हा भरल्यावर अपेक्षित गुण १७ अधिक १८ चे ०.७ पट, म्हणजे साधारण ३०. तोच माणूस, आणि ३२ च्या रेघेच्या दुसऱ्या बाजूला! म्हणून निवड झालेल्यांकडून टास्कच्या दिवशी फॉर्म पुन्हा भरून घ्यावा. टास्क छोटा असेल तर याहून चांगला मार्ग आहे: कोणालाच कापायचं नाही, सगळ्यांचा पूर्ण गुण तसाच ठेवायचा आणि ग्राफ काढायचा. बहिणीचा टास्क दहा मिनिटांचा, कॉम्प्युटरवरचा. तिला टोकं कापायची गरजच नव्हती, हे तिने दोन दिवस भांडून मान्य केलं.

आणखी एक गोष्ट तिने मला शिकवली, ती माझ्या डोक्यात आली नसती. एक्यू जास्त येण्याची कारणं बरीच असतात. ज्याला लोकांसमोर बोलायची भीती वाटते, जो नैराश्यात आहे, त्याचेही 'मिसळणं' या विभागातले गुण वाढतात. तेव्हा चिंता आणि नैराश्याची वेगळी प्रश्नावली सोबत द्यावी लागते. वय, मुलगा की मुलगी, बुद्धिमापन हेही नोंदवावं लागतं, नाहीतर शेवटी तुम्ही 'हाय एक्यू' म्हणून मोजता ते नुसतं 'मुलगे' निघतं, कारण मुलांचे गुण सरासरीने मुलींपेक्षा थोडे जास्तच येतात. मेकॅनिकलचा वर्ग आठवा म्हणजे कळेल.

आता प्रश्नांकडे येते. हा मला सगळ्यात रंगलेला भाग. एका विधानाचा आशय असा की, मला गाड्यांच्या नंबर प्लेट वगैरे आपोआप दिसतात. मी राहते द्रोणागिरीत. जेएनपीटीचे ट्रेलर आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस जातात. इथे कित्येक घरांतलं कोणी ना कोणी कंटेनर यार्डात कामाला. चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक चेक डिजिट, हे वाचण्यावर त्यांचा पगार चालतो. अशा घरातल्या मुलाला नंबर दिसले नाहीत तरच नवल. तो त्याचा स्वभाव की शेजार? दुसऱ्या एका विधानात पार्टीपेक्षा वाचनालय बरं वाटतं का, असं विचारलं आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना रात्रीच्या पार्टीला घरून परवानगीच नाही. त्यांनी वाचनालयावर टिक केली तर तो कल आहे की बाबा? नाटक आवडतं की म्युझियम, याला उत्तर देताना वाशीचं विष्णुदास भावे आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड दोन्ही आठवायचे, तर अर्ध्या वर्गाने दोन्ही पाहिलेलं नाही. आणि 'स्मॉल टॉक' जमतं का? याचं मराठी करून दाखवा! गप्पा म्हणजे स्मॉल टॉक नव्हे. 'काय, जेवण झालं का?' हे म्हणजे स्मॉल टॉक, आणि ते आमच्या गल्लीत ज्याला जमत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही.

भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणं नाही. आधी मराठी करायचं, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या कोणी ते परत इंग्रजीत करायचं, दोन्ही ताडून बघायचं, आणि मग आपल्या लोकांवर नव्याने सरासरी काढायची. मुलांसाठीच्या एक्यूवर हिंदी आणि बंगालीत असं काम झालं, तो पेपर २०१४ चा. रेघ उसनी आणायची नाही हा मुद्दा महत्त्वाचा, कारण ब्रिटन, भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांची तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा भारत आणि मलेशियाचे गुण ब्रिटनपेक्षा जास्त आले. आता आपण सगळे त्यांच्यापेक्षा जास्त ऑटिस्टिक आहोत असं समजायचं, की प्रश्न इथे वेगळे ऐकू येतात असं? मला दुसरं पटतं.

हे सगळं मी आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंना सांगत होते. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, म्हणून त्यांच्या घरी भात कायम पातेल्यात शिजतो. थेरपीसाठी त्या त्याला घेऊन आठवड्यातून तीनदा जातात. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून जरा बरं, पण गर्दी असली की दोन गाड्या सोडाव्या लागतात. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'अगं, पण अभ्यास ऑटिझमचा आणि बसवणार तुमच्या कॉलेजातल्या पोरांना? माझ्या पोराबद्दल त्यातून काय कळणार?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग वाचलं तर कळलं, संशोधकांमध्येही हेच भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, छटा आणि आजार एकाच रेषेवर आहेत. विद्यार्थी भरपूर मिळतात, सूचना समजतात, औषधं घेत नसतात, म्हणून आधी त्यांच्यावर बघणं सोयीचं. दुसरी बाजू नोआ सॅसन आणि क्रिस्टन बॉटेमा-ब्यूटेल यांची. त्यांनी २०२२ च्या लेखात स्पष्ट म्हटलं की, सर्वसाधारण लोकांमधल्या छटांचे अभ्यास हे ऑटिझमचे अभ्यास नव्हेत. ३० गुणांचा विद्यार्थी म्हणजे 'थोडा ऑटिस्टिक' माणूस नाही. त्याला ते गुण कोणत्या कारणाने मिळाले हे एक्यू सांगत नाही, आणि त्याच्यावरून ऑटिस्टिक माणसाबद्दल निष्कर्ष काढला तर तो परीक्षेला दुसऱ्याला बसवण्यासारखा प्रकार आहे (हा दाखला माझा, त्यांचा नाही). मी काकूंच्या बाजूची आहे. छटांचा अभ्यास करूच नये असं मी म्हणत नाही, माणसं नंबर कशी टिपतात, चेहरे कसे वाचतात, हे कळायलाच हवं. पण मग नावही तेच द्या. जो मुलगा कॉम्प्युटरसमोर दहा मिनिटं बसणार नाही, त्याला अभ्यासात घेणं अवघड आहे म्हणून सोप्या माणसांवर त्याच्या नावाची पाटी लावायची, हे मला पटत नाही. त्याला घ्यायचं असेल तर टास्क बदला, घरी जा, तीन फेऱ्या मारा.

बहिणीने डिझर्टेशनच्या शीर्षकातून 'ऑटिझम' काढलं. आता तिथे 'अभियांत्रिकी विद्यार्थ्यांमधील बारकाव्यांकडे लक्ष' असं काहीसं आहे. तिच्या गाईडना ते पसंत पडलं नाही असं ऐकते, कारण जुनं शीर्षक जास्त वजनदार होतं.

निवड झालेल्याला काय सांगायचं, हाही वाद झालाच. आयसीएमआरची २०१७ ची नियमावली सांगते की, माहिती देऊन संमती घ्यायची, कधीही बाहेर पडायची मोकळीक ठेवायची, आणि काही लपवलं असेल तर शेवटी उघड करायचं. पण गुण सांगायचे का? आमच्या हॉस्टेलमध्ये मुलांना ३४ आणि ३६ असे आकडे कळले तर रात्रीपर्यंत त्यांची टोपणनावं पडतील. म्हणून ठरलं ते असं. गुण कोणालाही, ज्याचे त्यालासुद्धा, सांगायचे नाहीत. टास्क झाल्यावर प्रत्येकाला एक पान द्यायचं, त्यावर फॉर्ममध्ये काय मोजलं आणि तो निदान का नाही हे लिहिलेलं असेल, वरचा बेजवाला हिशोबही. आणि ज्याला स्वतःबद्दल लहानपणापासून काही प्रश्न पडलेले आहेत त्याने कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावं, इंटरनेटच्या चाचणीकडे नाही, अशी शेवटची ओळ.

फॉर्म पुढच्या सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात थर्ड इयरच्या सगळ्या वर्गांत येतील. त्यावर नाव किंवा रोल नंबर लिहू नका. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि आपल्या जन्मतारखेचा दिवस असा कोड लिहायचा आहे. यादी माझ्याकडे नसेल, तेव्हा नंतर मला विचारू नका.